ताप उतरलाय, बाबा

माईक जरा खाली कराल? हं. बास.

सगळे आलात. मंडळाचे काका आलेत. साकीनाक्याच्या वर्कशॉपमधले तात्यांचे जुने सोबती आलेत. खालच्या गल्लीतल्या बायका घरची कामं टाकून आल्यात. माझ्या कॉलेजच्या मुली ड्यूटीवरून तशाच, युनिफॉर्मवर आल्यात. जागा कमी पडतेय, तरी कोणी उठून जात नाहीये. तात्यांना एवढी माणसं लागून होती, हे त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

खरं तर प्रशांतनं बोलायचं होतं. त्याचे वडील ते. पण मघाशी तो मला म्हणाला, स्नेहल, माझ्याच्यानं नाही होणार, तू बोल. सुनेनं उभं राहून बोलायची आपल्याकडं फारशी पद्धत नाही. पण तात्यांनी माझ्या बाबतीत पद्धत कधी पाळली? म्हणून मी बोलते. मध्ये थांबले तर मला थांबू द्या. पाणी वगैरे आणू नका.

तात्या तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. लालबागच्या गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली, मग ते इकडं असल्फ्याच्या डोंगरावर राहायला आले आणि साकीनाक्याला लेथवर उभे राहिले, ते पाय सुजेपर्यंत उभे राहिले. बोलणं कमी. रागावले की मालवणी, खूश झाले की मालवणी, मधल्या वेळेला गप्प. माझ्या सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. म्हणजे मी या घरात आले तेव्हा दोन गप्प पुरुष आणि एक टीव्ही, एवढंच होतं.

मला लग्नाआधीपासून नर्स व्हायचं होतं. राहून गेलं. मग स्वरा झाली. आणि ती आठ महिन्यांची असताना मला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. तीन वर्षांचा कोर्स. कॉलेज इथंच, घाटकोपर पूर्वेला, पण सकाळी सातला हजर, आणि हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. पोर अंगावर पिणारी. माझी आई म्हणाली, दोन वर्षं थांब, एवढी काय घाई. प्रशांतची ड्यूटीही फिरती, भिवंडीच्या गोडाऊनमध्ये. मी मनात नाही म्हणून टाकलं होतं. रात्रीची भांडी घासताना फक्त रडायला यायचं.

तर एका संध्याकाळी तात्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "तू जा. चेडवाक मी बघतंय."

मला वाटलं, मस्करी करतायत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपमध्ये जाऊन काम सोडत असल्याचं सांगून टाकलं. शेठ म्हणाला, तात्या, पोर सांभाळायला काम सोडताय? तात्या म्हणाले, होय. एवढंच. ते सोबती इथं बसलेत, त्यांना विचारा.

आणि त्यांनी बघितलं हो तिला. खरंच बघितलं. शोभा मावशी, तुम्ही शेजारी, तुम्ही साक्षीदार आहात. पहिल्या आठवड्यात तुमच्या घरी रोज फेरी. शोभा मावशी, लंगोट असा बांधू का? शोभा मावशी, नाचणीची पेज किती पातळ? नंतर नंतर मावशीच त्यांना विचारायला लागल्या, तात्या, माझ्या नातवाला उलट्या होतायत, काय देऊ? मंडळाच्या ऑफिसात कॅरम खेळायला जायचे ते पोर खांद्यावर घेऊन. काका, तुम्ही हसला होतात तेव्हा. तात्यांनी स्ट्रायकर खाली ठेवला आणि निघून आले, महिनाभर फिरकले नाहीत. मग तुम्हीच खुळखुळा घेऊन घरी आलात.

पहिल्या वर्षी तर ते दुपारी बसनं यायचे. इथून बस, मग स्टेशनचा पूल, मग पूर्वेला हॉस्पिटलच्या गेटपर्यंत. माझ्या जेवणाच्या सुट्टीत. मी धावत खाली यायचे, मुलींच्या कॉमन रूममध्ये बसून स्वराला पाजायचे, आणि तात्या गेटवर उन्हात पाठ करून उभे राहायचे. माझ्या वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. मी त्यांच्यात आईच. वॉर्डात दुसऱ्या कुणाचं बाळ रडलं तरी मला पान्हा फुटायचा, ॲप्रनवर ओले डाग पडायचे. एकदा डॉक्टरांच्या राउंडला तसं झालं. या माझ्या मुलींनीच मला मध्ये घेतलं आणि भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. तात्यांना मात्र कळायचं. दुसऱ्या दिवशी ते पिशवीत इस्त्री केलेला जादा ॲप्रन घेऊन आले होते.

संध्याकाळी मी घरी आले की ते मला एकच विचारायचे. रोज. चहा पुढ्यात ठेवायचे आणि विचारायचे, "आज पोरांच्या वॉर्डात कोण होता गो?"

मी सांगायचे, अमुक सिस्टर होत्या. मग विचारायचे, पोरांच्या जवळ बसल्या होत्या का? मी म्हणायचे, तात्या, एका सिस्टरकडं पंधरा-वीस पोरं, बसणार कुठं? ते मान हलवायचे. मग विचारायचे, ताप उतरला की काय करता? उतरलेला ताप परत चढतो का? एकदा सांगितलं तरी परत विचारायचे. मला वाटायचं, म्हातारा माणूस, सून शिकतेय त्याचं कौतुक. मी वही काढून त्यांना समजावून सांगायचे. त्यांच्या पायावर स्वरा झोपलेली असायची.

आता थोडं अवघड आहे सांगायला.

स्वरा मोठी होत गेली. चालायला लागली, बोलायला लागली, तात्यांसारखं मालवणी बोलायला लागली. दोन वर्षांची झाली, अडीचची होत आली. आणि तात्या बदलायला लागले. आधी लहान-लहान गोष्टी. तिची आंघोळ झालेली असायची, ते परत पाणी तापवायचे. गॅसवर रिकामं पातेलं. मी दमलेली असायचे, लक्ष द्यायचे नाही. वयाप्रमाणं होतं, असं म्हणायचे. नर्सिंग शिकणारी बाई, आणि घरात हेच म्हणायचे.

मग एक दिवस शोभा मावशींनी मला जिन्यात थांबवलं. म्हणाल्या, स्नेहल, तुझा सासरा पोरीला दुपारची झोपू देत नाही. तिचा डोळा लागला की हलवून उठवतो. ती रडते, मग तिला घेऊन फिरवतो, परत तिचा डोळा लागतो, परत उठवतो. मी बोलले त्यांना, तर मला म्हणाले, तेका निजाक देव नको.

मी घरी जाऊन विचारलं. तात्या म्हणाले, नाही गो, कोण उठवतंय. पण मी बघायला लागले. आणि मला दिसलं. स्वरा झोपली की तात्या तिच्या कपाळाला हात लावायचे. तळवा नाही, हाताची मागची बाजू. मग थोड्या वेळानं परत. मग परत. आणि एकदा, मी भाकऱ्या करत होते, बाहेरून त्यांचा आवाज आला. ते तिला हाक मारत होते. "शैलू. शैलू, डोळे उघड."

आमच्या घरात शैलू नावाचं कोणी नाही.

मी प्रशांतला विचारलं. त्यानं टीव्ही बंद केला. मग म्हणाला, माझ्या आधी एक बहीण होती, असं आत्या एकदा म्हणाली होती. लहानपणीच गेली. घरात तिचा फोटो नाही, नाव काढायचं नाही. आईनं कधी काढलं नाही, तात्यांनी कधी काढलं नाही. मी विचारलं नाही. लहान मुलाला कळतं, काय विचारायचं नसतं ते.

त्याच सुमारास आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मॅडम मनाच्या आजारांचं शिकवत होत्या. म्हातारपणी विसर पडतो तो आजार. मॅडम म्हणाल्या, नवीन आठवण आधी जाते, जुनी शेवटपर्यंत राहते. कधी कधी माणूस त्या जुन्या आठवणीतच राहायला जातो. तिथली माणसं त्याला आपल्यापेक्षा खरी वाटतात. सगळ्या मुली लिहून घेत होत्या. माझा हात थांबला. कारण मॅडम फळ्यावर जे लिहीत होत्या ते माझ्या घरात होतं, आणि माझी मुलगी त्या वेळी तात्यांच्या मांडीवर होती.

काय करायचं मी, सांगा मला? पोर कोणाच्या हाती द्यायची? आणि ज्यानं माझ्यासाठी काम सोडलं, त्याच्या हातातून पोर कशी काढून घ्यायची? प्रशांत म्हणाला, एक वर्ष कॉलेज थांबव. मी म्हणाले, थांबले की संपलं. आम्ही दोघं भांडलो. हळू आवाजात, स्वयंपाकघरात, नळ सोडून. पुढच्या महिन्यापासून स्वराला पाळणाघरात घालायचं ठरलं. तात्यांना कसं सांगायचं, ते काही ठरेना.

सांगावं लागलंच नाही. त्यांनी ऐकलं होतं. सकाळी मी निघताना ते दारात आले. त्या दिवशी डोळे अगदी स्वच्छ होते त्यांचे. म्हणाले, "घाल पाळणाघरात. आता तेका माझ्यावर सोडू नको."

त्यांना कळत होतं हो. आपलं काय चाललंय, हे त्या माणसाला कळत होतं. आपलं आपल्याला कळणं केवढं भयंकर असेल, याचा विचार मी अजून करते.

पण तो महिना संपायचा होता. शोभा मावशी रोज येऊन बसायच्या. त्या दिवशी त्यांना अर्ध्या तासासाठी रेशनला जावं लागलं. त्यांची काही चूक नाही. मावशी, मी सगळ्यांसमोर सांगते, तुमची काही चूक नव्हती.

माझं पोस्टिंग लहान मुलांच्या वॉर्डात होतं. दुपारची वेळ. फोन लॉकरमध्ये. तिकडं मावशी मला फोनवर फोन करतायत, गल्लीत शोधतायत, मला काही पत्ता नाही. मी एका बाळाचं सलाईन बघत होते. तोंडावर मास्क, डोक्याला टोपी. वॉर्डाच्या दारात गलबला झाला म्हणून मान वर केली.

तात्या उभे होते. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. स्वराला छातीशी असं घट्ट धरलेलं, चादरीत गुंडाळून, एवढ्या उकाड्यात. ज्या वाटेनं तिला माझ्याकडं पाजायला आणायचे, त्याच वाटेनं पाय त्यांना घेऊन आले होते. सरळ माझ्याकडं आले. माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. आणि ओळखलं नाही.

म्हणाले, "सिस्टर, माझ्या चेडवाक ताप इलोहा. सकाळपासना फिरतंय. कोणच बघणा नाय."

स्वरानं मला ओळखलं. मास्क असला म्हणून काय झालं? हात पुढं केले आणि म्हणाली, आई.

तात्या मला म्हणाले, "बघा, आवशीक हाक मारता. तेची आवस गावाक गेली हा. मी एकटोच आसंय."

मला त्या क्षणी म्हणायचं होतं, तात्या, मी स्नेहल. ही स्वरा. चला घरी. ओठावर आलं होतं. पण त्यांचे डोळे बघितले मी. ते ज्या दारात उभे होते ते आमच्या वॉर्डाचं दार नव्हतंच. ते दुसऱ्याच कुठल्या तरी वॉर्डात, कधीपासून उभे होते. आणि तिथं त्यांच्याकडं कोणीच बघत नव्हतं.

मी म्हणाले, "बसा बाबा. मी बघते."

स्वराला बेडवर घेतलं. चादर सोडली. काखेत थर्मामीटर लावला, तिला गुदगुल्या झाल्या, ती हसली. तिचं अंग थंडगार होतं, घाम तेवढा आलेला. मी नाडी बघितली. छातीला स्टेथोस्कोप लावला. सगळं केलं, जसं शिकवलंय तसं, एकही गोष्ट न सोडता. आमच्या इन्चार्ज सिस्टर लांबून बघत होत्या. त्यांना स्वरा माहीत होती, तात्याही माहीत होते, गेटवर बघितलेले. त्या पुढं आल्या नाहीत.

मी म्हणाले, "ताप उतरलाय, बाबा. तुमची मुलगी बरी आहे."

मला वाटलं, हे ऐकून ते सुटतील. ते माझ्याकडं बघत राहिले. आणि अगदी हळू, भांडण म्हणून नाही, आठवण करून द्यावी तसं म्हणाले, "मागच्या खेपेक पण तुमी असाच म्हणालास."



मला तोवर काही माहीत नव्हतं. मागच्या खेपेला काय झालं, कोणी काय सांगितलं, काहीच नाही. पण ते वाक्य मला कळलं. मी एक स्टूल ओढलं आणि बेडपाशी बसले. म्हणाले, या वेळी मी उठणार नाही. तुम्हीपण कुठं जाऊ नका. आपण दोघं हिच्याजवळ बसू. इन्चार्ज सिस्टरांनी दुसरं स्टूल आणून तात्यांच्या मागं ठेवलं आणि माझी बाकीची कामं त्या स्वतः करायला गेल्या.

आम्ही बसलो. तात्यांनी स्वराचा पाय हातात धरला होता. पोर दमलेली, तिचे डोळे मिटायला लागले. तात्यांचा हात लगेच पुढं आला, तिला हलवायला. मी तो हात धरला. म्हणाले, झोपू द्या बाबा, मी बघतेय. ती श्वास घेतेय, बघा, पोट वर-खाली होतंय. ते बघायला लागले. पोट वर, पोट खाली. आम्ही दोघंही तेच बघत होतो. मला वाटतं, कित्येक महिन्यांत ती पहिल्यांदा दुपारची पुरती झोपली. वॉर्डात केवढा आवाज, पोरं रडतायत, ट्रॉल्या जातायत, आणि ती झोपलेली. तात्यांनी डोळ्याची पापणी मिटली नाही.

मग ती उठली. उठते तशीच उठली, चिडचिडत, केस विस्कटलेले. म्हणाली, मला शू आलीय.

तात्या हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, थांबेचना. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "जिता आसा गो, सिस्टर. जिता आसा." मग विचारलं, "घरा घेवन जाव?"

मी म्हणाले, हो बाबा. घरी घेऊन जा.

तोपर्यंत शोभा मावशी रडत रडत पोचल्या होत्या. आम्ही सगळे मिळून निघालो. स्टेशनच्या पुलावर तात्या माझ्याकडं वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, आज लवकर सुटलंस? म्हटलं, हो तात्या. त्यानंतर त्यांनी त्या दुपारचं नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.

रात्री प्रशांतनं कुडाळला आत्याला फोन लावला. आत्या आधी नको म्हणाली, मग बोलली. संपाचे दिवस होते. सासूबाईंचे वडील वारले, त्यांना गावी जावं लागलं. शैलाच्या अंगात कणकण होती, एवढ्या लांबच्या प्रवासात नको म्हणून तिला तात्यांकडं ठेवलं. गिरणी बंद, तात्या घरीच होते. ताप वाढला तसं ते तिला उचलून एका मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. दिवसभर जवळ उभे होते. संध्याकाळी सिस्टर म्हणाली, ताप उतरलाय, मुलगी झोपलीय, तुम्ही काही खाल्लं नाही, खाली जाऊन चहा तरी घ्या. तात्या गेले. चहा घेऊन वर आले. शैला झोपलेली होती तशीच होती. त्यांनी हलवलं. हाक मारली.

तीन वर्षांचीही झाली नव्हती.

त्या सिस्टरला मी दोष देत नाही. ती चांगल्या मनानं बोलली होती. ती खोटंही बोलली नव्हती, ताप उतरलाच होता. पण ताप उतरणं म्हणजे दर वेळी बरं होणं नसतं, हे आता मी शिकलेय. त्या वॉर्डात तिच्याकडं किती पोरं असतील, मला माहीत आहे. माझ्याकडं असतात तेवढीच.

तात्यांना आम्ही डॉक्टरांकडं नेलं, गोळ्या सुरू झाल्या. स्वरा पाळणाघरात जायला लागली. प्रशांतनं ड्यूटी बदलून घेतली. दुपारनंतर ती घरी असायची, तात्या असायचे, मावशी असायच्या. मी तिसऱ्या वर्षाला गेले. आणि तात्यांनी स्वराला झोपेतून परत कधी उठवलं नाही. पण सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. मधूनच ते मला विचारायचे, शैलूला घरी आणली ना? मी म्हणायचे, आणली. रोज नाही, पण विचारायचे. आणि मी दर वेळी नव्यानं तिला घरी आणायचे.

आम्हाला शिकवतात, पेशंटला खोटा दिलासा द्यायचा नाही. नंतर मॅडमनी मला बोलावून विचारलं, तू त्या दिवशी खोटं बोललीस का? मी म्हणाले, मॅडम, त्या मुलीला ताप नव्हता, मी खरं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, कुठल्या मुलीबद्दल बोलत होतीस?

मागच्या आठवड्यात माझी अभ्यासाची सुट्टी होती, मी घरीच होते. दुपारी आजोबा-नात बाहेरच्या खोलीत झोपले होते. मी आत वाचत होते. स्वरा उठून आली आणि दारात उभी राहिली. ती मला म्हणाली, "आई, आजोबांना ताप नाहीये. गार आहेत."

तिनं हात लावून बघितला होता.

मी गेले. बघितलं. नाडी नव्हती, श्वास नव्हता. झोपेतच गेले होते, चेहरा अजिबात वाकडा झाला नव्हता. मी त्यांचे डोळे नीट मिटले, हनुवटी बांधली, हातपाय सरळ केले. वॉर्डात करतो तसंच सगळं. हातांना येत होतं. मला रडू आलं ते सगळं करून झाल्यावर, प्रशांतला फोन लावताना.

तर असे होते माझे सासरे. लोक मला म्हणतात, पोर लहान असताना तू कसं काय जमवलंस? मी काय जमवलं? मी सकाळी बाहेर पडत होते. मागं राहून जे जमवायचं ते एका माणसानं जमवलं. आणि ज्या खोलीत एकदा जाऊन त्याची वाट लागली होती, त्याच खोलीत तो माझ्यासाठी रोज परत जाऊन बसला. पोराजवळ. परत एकदा. हे धैर्य मला नसतं झालं.

आता मी वॉर्डात कुठल्याही बापाला सांगू शकत नाही की ताप उतरलाय, जा चहा पिऊन या. तोंडातून निघतच नाही. सांगायचंच झालं तर मी म्हणते, उतरलाय, आणि स्टूल ओढते. आणि प्रत्येक वेळी मागून कोणी तरी हळू आवाजात म्हणतं, मागच्या खेपेला पण असंच म्हणालात. मी वळून बघत नाही. मला माहीत आहे कोण आहे. आणि पहाटे कधी तरी कपाळाला काही लागतं, जाग येते. स्वरा असते. हाताची मागची बाजू लावून बघत असते. आधी मला, मग प्रशांतला. मग जाऊन झोपते. तिला हे कोणी शिकवलं, ते ती विसरून जाईल. हात विसरणार नाही.

शेवटचं सांगते.

शैलाचं नाव आज या हॉलमध्ये पहिल्यांदा घेतलं गेलं. प्रशांतला विचारून घेतलंय. ती गेली तेव्हा तिच्यासाठी असं कोणी जमलं नव्हतं. संपामुळं अर्धी चाळ गावाला गेलेली. आई गावाला. तात्या एकटे तिला घेऊन गेले, आणि एकटेच परत आले, आणि तेव्हापासून गप्प बसले.

तर आपण आता थोडा वेळ शांत राहू. तात्यांसाठी, आणि शैलासाठीपण. उभं राहायची पद्धत आहे, पण आज कोणी उठू नका. स्वरा काही बोलली तर बोलू द्या तिला, गप्प करू नका. आजारी पोराच्या उशाशी माणूस बसतो ना, काही न बोलता, नुसतं लक्ष ठेवून, तसं बसा. चहाबिहा नंतर. कोणी उठून जाऊ नका.

बसू या.